खटका

हौदातल्या उकळत्या चादरी उलटायचा लाकडी दांडा मुकादमीणबाईच्या हातात कायम असायचा, म्हणून धुलाईखान्यातल्या बायका तिला पाठीमागे ‘दांडा’च म्हणत. समोर म्हणायची कोणाची छाती होती? रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर डोळे मिटून बसणारी ही बाई सोमवारी बायकांची बोटं फोडायची.

तिचा कडक नियम होता : चादरींना इस्त्री करणाऱ्या तापल्या रोलरांचा खटका तिच्याशिवाय कोणी पाडायचा नाही. रोलर थांबले की त्यांच्यामधली चादर करपते. तिच्याच धाकट्या जावेने एकदा शेजारणीची वेणी रोलरांत ओढली जाईल म्हणून खटका पाडला. वेणी वाचली, चादर करपली. दांडा असा बसला की जावेचं नख काळंनिळं होऊन उचकटलं.

“घरी मोठी जाऊ, इथं मुकादम,” बायका हळूच म्हणायच्या. “बिचारीला पळायलाही जागा नाही.”

एके दिवशी एकीची चादर तिरकी गेली. मुकादमीण ओरडत आली, तिला ढकलून तिने स्वतःच चादर खेचली, आणि ओल्या कापडात गुंडाळली गेलेली तिची बोटं रोलरांत गेली. मांस चरचरलं. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

“बंद करा गं!”

कोणी हललं नाही. बायकांनी हात पदराखाली ओढून घेतले होते. खटका हाताच्या अंतरावर, आणि सगळ्यांचे डोळे त्या दांड्यावर. तो केव्हाचा खाली पडून घरंगळत होता.

शेवटी धाकटी जाऊ झेपावली. खटका पडला तेव्हा दोन बोटं गेली होती.

दवाखान्यात उजवा हात बांधलेला. जावेने तिचं तोंड पुसलं, केस विंचरले, मग परातीत पाणी घेऊन रक्त वाळलेले पाय धुतले. मुकादमीण त्या काळ्या नखाकडे बघत राहिली. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचं चित्र तिच्या घरात भिंतीवर होतं. रोज त्याची धूळ तीच पुसायची.

“एवढा वेळ का लावलास गं?”

“भ्याले, ताई.”

“दांडा तर माझ्या हातात नव्हता.”

“ते आमच्या बोटांना कुठं ठाऊक?”

मुकादमीण भिंतीकडे तोंड करून रडली. हातासाठी नव्हे. आपल्यावरही स्वर्गात एक धनी आहे, आणि त्याने आपल्यावर कधी दांडा उगारला नाही, हे तिला आत्ता कळलं होतं.

ती कामावर परतली त्याच आठवड्यात एका नवख्या बाईने घाबरून उगाचच खटका पाडला. चादर करपली, धूर निघाला. भोवतालचे हात पदराखाली गेले. मुकादमीण जवळ आली. तिचा हात सवयीने वर गेला; तीनच बोटं. नवखीने डोळे घट्ट मिटले.

हात तिच्या खांद्यावर आला.

“बरं केलंस, बाई. पुन्हा शंका आली तर पुन्हा पाड. चादरीचं मी बघते.”

धाकट्या जावेने पदराखालून हात बाहेर काढला आणि करपलेली चादर ओढायला पुढे झाली. बाकीच्यांचे हात मात्र अजून आतच होते.