राख कालवायची राहिली

आमच्या घरचं तुरीचं बी मी एकट्यानं, कोणाचीही मदत न घेता, वाया घालवलं.

तूर साधीसुधी नव्हती. माझी बायको सुशीला, तिच्या माहेरची, ढाणकीकडची जुनी पांढरी तूर. तिचं वरण असलं की माणूस दोन घास जास्त जेवतो (मी चार). गेल्या हंगामात माझ्या मेव्हण्यांचं, म्हणजे सुशीलाच्या दादांचं, अख्खं पीक पाण्यात गेलं आणि ते बी फक्त आमच्याकडे उरलं. सुशीलानं पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला.

"याच्यात पऱ्हाटीची राख कालवा अन् झाकण घट्ट लावा. पेरणीच्या आधी दादा न्याले येईन. एवढं तं होईन ना तुमच्यानं?"

"होईन," मी म्हणालो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला कपाशीच्या काड्यांची राख कालवणं म्हणजे काय!

पण कालवण्याआधी मूठभर तूर हातात घेतली. काही दाण्यांवर पांढरे ठिपके होते, खसखशीपेक्षाही बारीक. दुपारची वेळ, कूलरची घरघर, खिडकीतून उन्हाची तिरीप थेट तळहातावर. त्या उन्हात एक तपकिरी भुंगा तुरीवरून सावकाश चालत आला. मी बोट लावलं तर पाय आखडून मेला. मी हळहळलो. थोड्या वेळानं उठला आणि चालू लागला. (साहेब तपासणीला आले की स्टाफरूममध्ये आम्हीही असेच पडून असायचो.) मला त्याचा फार लळा लागला.

चार दिवसांनी सुशीलानं विचारलं, "कालवली काय राख?"

"पाहून राह्यलो."

"काय पाहून राह्यले?"

"भुंगा. अगं, हे ठिपके म्हणजे त्याची अंडी. अळी दाण्यात शिरते, आतल्या आत खाते, तिथंच मोठी होते, अन् गोल खिडकी पाडून भुंगा बाहेर येते. केवढी कारागिरी!"

"मंग राख कालवा ना लवकर."

"राख कालवली तं मले दिसन कसं?"

ती उठून शेजारी शांताबाईंकडे निघून गेली. मला वाटलं, पटलं.

मग उन्हाळाभर मी रोज जेवून डब्याजवळ आडवा व्हायचो. कान लावला की आतून बारीक सरसर ऐकू यायची. ती ऐकता ऐकता डोळा लागायचा आणि स्वप्नात मीही एका दाण्यात निवांत पडलेला असायचो. बाहेर कोणीतरी राख राख म्हणून ओरडत असायचं. ती सुशीला असायची, आणि ते स्वप्न नसायचं.

मृगाच्या तोंडावर दादा आले. डबा उघडला तर दहा-पंधरा भुंगे त्यांच्या शर्टावर बसले. दादांनी मूठभर तूर पाण्यात टाकली. सगळी तरंगली, आतून पोकळ. दुसरी मूठ टाकली, तीही तरंगली. दादा खाली बसले.

"जवाई, मायच्या हातचं बी होतं हे. आता कुठून आणू?"

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय आखडून पडून राहावं असं वाटलं.

तेवढ्यात सुशीला शेजारच्या शांताबाईंकडून दुसरा डबा घेऊन आली. त्यात राखेनं माखलेली, टणक, अख्खी तूर होती. दादांनी डब्याला हात जोडले.

"मंग मले तो डबा कायले देल्ता?" मी विचारलं.

"मूठभरच होती त्याच्यात जास्तीची. तुमाले कायीतरी काम पायजे होतं."

मूठभर नव्हती, चांगली दोन पायली होती, पण मी वाद घातला नाही. दादांनी डोळे पुसले आणि मला बरं वाटावं म्हणून विचारलं, "मंग जवाई, एवढे दिवस पाहून काय समजलं?"

मी सावरून बसलो. "मुख्य गोष्ट म्हणजे, नासाडी करते ती अळी. भुंगा मोठा झाला की तुरीचा एक दाणा खात नाही. कामधंदा नाही, नुसता इकडून तिकडं हिंडते."

"म्हंजे तुमच्यापरीस बरा," सुशीला म्हणाली. "तुमाले दोन टाइम वाढा लागते."

वरणाचा वास सुटला होता. मी हात धुऊन पाटावर जाऊन बसलो.