आमच्या घरातली दुसरी किरण

माझं नाव किरण. या लिखाणात माणसाचं एवढं एकच नाव येईल, कारण भांडण त्याच्यावरूनच झालं.

किरण म्हणजे उजेडाची तिरीप, हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या पिढीत हे नाव एवढं चाललं की आमच्या एका वर्गात चार किरण होते, दोन पोरं आणि दोन पोरी. गुरुजींनी हजेरीत नाव घेतलं की चौघंही एकदम हजर. आता मी स्वतः शाळेत शिकवते आणि माझ्या हजेरीत एकही किरण नाही. नव्या पोरांची नावं घेताना माझीच जीभ अडखळते. चालायचंच, साड्यांची फॅशन जाते तशी नावांचीही जाते.

माझं नाव आईनं ठेवलं, तेही मी पोटात असताना. घरच्यांनी मुलाची नावं काढून ठेवली होती, देवांची, पणजोबांची. मुलीचं कुणी काढलंच नव्हतं. झाली तर बघू, असं चाललं होतं. आई एरवी गरीब गाय, पण त्या दिवशी पेटली. पोरगी आली तर तिला काय बिननावाची फिरवायची, असं तिनं सगळ्यांना तोंडावर विचारलं. मग तिनं असं नाव धरलं, की जे येईल त्याला लागावं आणि नंतर कुणाला तोंड वाकडं करायला जागा राहू नये. सातवी शिकलेली बाई, पण डोकं बघा. ही गोष्ट मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे, की ती माझ्यासमोरच घडल्यासारखी वाटते.

चार वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं. मुलगा नोकरीवाला, घर आसेगावचं, थोडी शेती, माणसं बरी. अडचण एकच निघाली. मुलाच्या मोठ्या भावाचं, म्हणजे माझ्या होणाऱ्या भासऱ्याचं नावही किरण. आमच्याकडे धाकट्या सुनेनं भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही. इथं सूनच त्या नावाची. सासूबाईंनी निरोप धाडला, की नाव बदलावं लागेल, नवं आम्ही ठरवलंय, ताटातल्या तांदळात तेच लिहू.

बाबा म्हणाले, नावापायी चांगली सोयरीक मोडतेस काय. होणाऱ्या नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, पाहू तवाचं तवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माणूस मला आवडला होता, हेही खरंच. मग मनाशी पक्कं केलं, लग्न याच्याशीच करायचं आणि नावही सोडायचं नाही. दोन्ही जमलं नाही तर सासरच्या दारातूनच माघारी फिरायचं. आईला तेवढं सांगून ठेवलं. ये, म्हणाली, घर आहे तुझं.

लग्न लागलं. दिवे लागायच्या सुमारास आसेगावला पोचलो, माप ओलांडलं, पूजा झाली. ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याच्या हातात अंगठी दिली. बायकांची ही दाटी. जाऊबाई पेढ्यांचा डबा घेऊन तयार, नवं नाव कळलं की वाटायला. भासरे लेकीला कडेवर घेऊन दाराशी उभे. नवरा अंगठी तांदळावर धरून बसला. तो माझ्याकडे बघेना की त्याच्या आईकडे बघेना.

मी ताटावर हात ठेवला.

"किरण लिहायचं असेल तर लिहा. दुसरं लिहिलं तर मी त्या नावाला ओ देणार नाही."

मागं कुणीतरी 'अवं माय' असं पुटपुटलं. सासूबाईंनी आधी समजावून पाहिलं. हे नाव घरात आधीपासून आहे, लोक हसतील, हाक मारायची तरी कुणाला. मी म्हटलं, हसू द्या. मग मात्र त्या चिडल्या, आणि असं काय सोनं लागलंय त्या नावाला, असं त्यांनी विचारलं. मी आईची गोष्ट सांगून टाकली, रागारागात, घाईघाईत, सगळ्या बायकांसमोर. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी शेवटी रडलेच.

सासूबाई माझ्यासमोर खाली बसल्या.

"पोटात होती तवाच ठेवलं म्हनते?"

मी मान हलवली. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या थोरल्या लेकाकडं पाहिलं.

"मी बी हा पोटात होता तवाच ठेवलं होतं. पोरगी होईल म्हनून. हा झाला. मले दुसरं नाव सुचलंच नाई, तेच ठेवून देल्लं. मंग दुसराही पोरगाच."

भासऱ्यांना हे चाळिशीत पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. नवरा अजून अंगठी धरूनच. सासूबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं.

"लिव ना. काहून थांबून राह्यला?"

त्यानं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं. जाऊबाईंनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली, "किरण." मी बांगड्या सावरत लगबगीनं निघाले. अंगणातून भासरेही आले, तोंडात ब्रश तसाच. आम्ही दोघं एकदमच दाराशी पोचलो. मी पदर पुढं ओढला. सासूबाई कणीक मळत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"तुले नाई," त्या लेकाला म्हणाल्या. "माह्या पोरीले बोलावलं."