दोन घरांवरची तोफ

पुण्याहून बंगळुरात येऊन पीण्यातल्या, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी तपासनीस म्हणून लागलो, तेव्हा तिथं मराठी बोलणारा एकच माणूस होता: आमचे मुख्य तपासनीस. निपाणीकडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. दर रविवारी ते राजाजीनगरातल्या माझ्या खोलीवर येत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेला युद्धाचा एक खेळ आम्ही मांडत असू.

त्यात काही तुकड्या पटावर ठेवायच्याच नसतात. त्यांची जागा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी ठेवायची आणि शत्रू ‘जवळ’ आला की उघड करायची. जवळ म्हणजे किती घरं, हे नियमपुस्तकात कुठंच नव्हतं. मी म्हणालो, अगदी लागून आला तरच. अण्णा म्हणाले, दोन घरांवर आला की सांगावं. वाद मिटेना, तेव्हा तू तुझ्या अर्थानं खेळ, मी माझ्या, असं त्यांनीच ठरवलं. म्हणजे त्यांच्या तोफा मला लांबूनच कळत आणि माझ्या त्यांच्यावर अचानक कोसळत. आठ महिने मी जिंकत होतो आणि मनात त्यांना भोळा सांब म्हणत होतो.

मग त्यांची निवृत्ती आली. त्यांच्या शिक्क्याशिवाय माल दाराबाहेर जात नसे. तो शिक्का मलाच मिळणार हे मी धरून चाललो होतो. घरी तसं पत्रही धाडलं होतं. त्यांनी तो माझ्यानंतर लागलेल्या एका अबोल मुलीला द्यायचं ठरवलं.

त्या रविवारी ते नेहमीसारखे आले. मी मूळचाच तापट. माझं काय चुकलं, असं दारातच विचारलं.

“कामात काही नाही,” ते म्हणाले. “पण ड्रॉइंगमध्ये शंका आली की माप आपल्या विरुद्ध धरावं लागतं बघ. पटावर तू आपल्याकडं ओढतोस.”

मला लाज वाटली, आणि तिच्यापेक्षा संताप जास्त आला. खेळ वेगळा, कारखाना वेगळा, असं बरंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पट मांडला.

तासाभरानं त्यांचं घोडदळ माझ्या लपवलेल्या तोफेपासून दोन घरांवर येऊन थांबलं. माझ्या अर्थानं मला गप्प बसता आलं असतं. मी चिठ्ठी उलटली. त्यांनी घोडदळ वळवलं आणि मी पहिल्यांदा हरलो.

“सरी,” ठीक आहे, एवढंच कानडीत म्हणून त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या.

पुढच्या महिन्यात शिक्का त्या मुलीच्या टेबलावर आला. पहिल्याच दिवशी माझ्या ट्रेमधला एक भाग मापाच्या अगदी काठावर होता. तिनं विचारायच्या आत मी तो वेगळा काढून तिच्यापुढं ठेवला.