वहाब शिंप्याचं पोट आणि पिराचं निशाण

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चालायचा, त्या काळात रोहिणखेडच्या अलीकडे एका खेड्यात वहाब नावाचा शिंपी राहत होता. माणूस गुणाचा, हात सफाईचा, पण अंगकाठी अशी की पाहणाऱ्याला हसू दाबावं लागे. हातपाय म्हणजे कपाशीच्या पराटीच्या काड्या, आणि मधे गोल गरगरीत पोट. स्वतःचा सदरा शिवताना तो पोटाशी आणि बाह्यांशी कापड सैल सोडी. एके ठिकाणी जास्त होतं ते लपवायला आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हतं ते.

बाप रहेमतुल्ला पिंजारी. जन्मभर कापूस पिंजून त्याचे दंड भरलेले. गावाबाहेरच्या टेकडीवर पिराचा दर्गा होता आणि उरुसाचं निशाण याच घरातून निघे. निशाण म्हणजे उंच वेळू, टोकाला पितळी चांद, त्याखाली हिरवं कापड. कमरेच्या पट्ट्याला चामड्याची वाटी असे. तिच्यात बुंधा टेकवायचा, दोन्ही हातांनी वेळू सरळ धरायचा आणि टेकडी चढायची. कापडात वारा शिरला की वेळू माणसालाच ओढायला लागे. रहेमतुल्ला एका दमात वर जातो, असं सगळा गाव सांगायचा. बाया पुढं जाऊन दर्ग्यापाशी थांबत, बाप्ये मागून चालत, आणि त्यात हिंदू-मुसलमान असा भेद कोणी करत नसे.

रहेमतुल्ला वारला. पुढच्या उरुसाला निशाण वहाबच्या कमरेला आलं आणि बिचाऱ्याची पुरती फजिती झाली. पोट पुढं म्हणून बुंधा पुढं, बुंधा पुढं म्हणून वेळू तिरपा, आणि तिरपा वेळू सावरायला दंडात काही नाही. चढ लागायच्या आतच निशाण कलंडलं. चुलतभाऊ कय्यूम बाजूला होता, त्यानं ते वरच्यावर धरलं आणि तोच वर घेऊन गेला. जाणत्यांनी ठरवून टाकलं: येत्या उरुसाला वहाबला झेपलं तर ठीक, नाहीतर निशाण कायमचं कय्यूमच्या घरी.

कय्यूम मनानं चांगला होता, हीच खरी पंचाईत. त्याच्याशी भांडताही येईना. वहाबची आई अमीरबी चिंच घेऊन पितळी चांद घाशीत बसली. नवऱ्याचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं. ते पाहून वहाब मशीनच्या मागे तोंड लपवून रडला.

आता सल्ला देण्याच्या कामात आपलं कोणतंच गाव मागे नसतं. शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या, "उपाशी राह्यल्याबिगर पोट जात नाई, लेका." वहाबनं जेवण तोडलं. पोट जागच्या जागी राहिलं. दंड मात्र होते तेही गेले, आणि हातात कात्री धरली की थरथरायला लागली. मग अमीरबीनं त्याला बापाचा खुराक सुरू केला. वाटीभर तूप, बदाम, गूळ, वर शेवया. बापाचं तूप पिंजणावर जिरत होतं. पोराचं तूप मशीनपुढं बसल्या बसल्या पोटातच मुक्कामाला राहिलं.

शेवटी लाज गुंडाळून तो मारुतीच्या तालमीत किसनराव वस्तादांकडे गेला. वस्ताद तिरसट म्हातारा. सदरा काढायला लावून त्यांनी वहाबला खालून वर न्याहाळलं.

"काय खाऊन राह्यला बे तू?"

"अब्बाची खुराक, वस्ताद."

"आन काम? तेबी अब्बाचंच करतं?"

वहाबनं काढलेला सदरा पोटापुढं धरला.

"तूप बंद, गोड बंद. पण उपाशीबी राहू नोको. उपाशी माणसाचं आंग पयले दंड खाते, पोट मांगून खाते. भाकर खाय, वरण खाय, भिजवलेले हरबरे खाय, ताक पे. बकऱ्याचं मटन भेटलं तर सोडू नोको. आन रोज सकाळी इथी येजो."

वहाबला वाटलं, उद्यापासून मुद्गल फिरवायचे. वस्तादांनी हातात फावडं दिलं. आखाड्याची माती उकरायची, ओढायची, परत सारखी करायची. पहिल्या आठवड्यात तळहाताला असे फोड आले की शिवताना हात वळेना, आणि उत्तमराव नावाच्या गिऱ्हाइकाच्या बंडीचा खिसा काखेकडे सरकला. उत्तमराव बरेच दिवस वाकडा हात करून त्यातून तंबाखू काढत होते, आणि ज्याला त्याला कारण सांगत होते.

फावड्यानंतर जोर-बैठका, मग धाकटे मुद्गल, मग थोरले. तालमीच्या दाराशी पडलेला गोटा आधी नुसता हलवायचा, मग गुडघ्यापर्यंत, मग छातीशी. "हलका वाटाले लागला का पुढचा घेजो," वस्ताद म्हणत, "तोवर घाई करू नोको." एकदा वहाबनं घाई केलीच. सकाळी गेला, संध्याकाळी परत गेला. वस्तादांनी दारातून हाकलला. "घरी जाऊन झोप बे! आंग मातीत नाई वाढत, झोपेत वाढते."

कित्येक दिवस आरशात तोच जुना वहाब दिसे. मन खट्टू होई. आणि एके दिवशी बाही खांद्यात रुतायला लागली, पोटाशी मात्र कापड नुसतं लोंबत होतं. वहाबनं सदरा काढून पुन्हा पुन्हा पाहिला. शिलाई चुकली नव्हती. आतला माणूस बदलला होता. गिऱ्हाइकांचं काम बाजूला सारून त्यानं आधी आपला सदरा उसवला, आणि उसवता उसवता एवढ्या मोठ्यानं गात होता की अमीरबी चुलीवरची भाकर सोडून बघायला आली.

पैलवान बिलवान तो काही झाला नाही. कुस्तीत पहिल्याच पकडीला पाठीवर पडे आणि पडल्या पडल्या हसे. त्याला कुस्ती नकोच होती.

उरुस आला. बुंधा पट्ट्याच्या वाटीत बसला आणि वेळू सरळ उभा राहिला. ताशे वाजायला लागले. कय्यूम बाजूनं चालत होता, हात तयार ठेवून. टेकडीच्या वळणावर एक कडुलिंब आहे, तिथं वारा आडवा येतो. कापड फुगलं, वेळू मागे खेचला गेला, वहाबचे दंड थरथरले.

"दे बे इकडं, जरा दम घे," कय्यूम म्हणाला.

"नाई."

पाय रोवून त्यानं वाऱ्याचा जोर ओसरू दिला आणि पुन्हा चढायला लागला. दर्ग्याच्या पायरीशी पोचला तेव्हा सगळ्यात आधी ओरडला तो कय्यूम. जाणत्यांनी पाठ थोपटली. निशाण घरातच राहिलं.

अमीरबी गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"तुह्या अब्बानं बी एवढं केलं नाई कधी."

"म्हंजे?"

"ते दर साली त्या लिंबाखाली टेकवत. कय्यूमचे अब्बा धरत, हे पाणी पेत. वळणामुळं मांगच्याले दिसत नव्हतं. आमाले वरून सगळं दिसे."

वहाबला सगळं आठवलं. ते फावडं, ते फोड, तो गोटा! "मंग मले सांगितलं काऊन नाई, अम्मा?"

"सांगितलं असतं तर तू लिंबापर्यंतच गेला असता."

आसपासच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. वहाबला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग बाप फार आठवला.

पुढच्या साली दंड आणखी भरले होते. वारंही नव्हतं. वळण आलं तसा वहाब थांबला आणि बुंधा लिंबाखाली टेकवला.

"काऊन बे, थकला?" कय्यूमनं विचारलं.

"नाई," वहाब म्हणाला. "तू धर जरा. तुहे अब्बा इथी धरत, माहे पाणी पेत."