माझ्या वजनासाठी प्रार्थना

टेक्ससमध्ये अर्विंगजवळ टोंगा बेटांवरून आलेली बरीच कुटुंबं राहतात. त्यांच्या आहाराचा आणि आरोग्याचा अभ्यास करायला मी तिथल्या एका आजींकडे जायचे. पहिल्याच भेटीत मी विचारलं, “तुमच्याकडे निरोगी कुणाला म्हणतात?”

आजींनी माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला. “तुला तर नाही म्हणणार.”

मग त्यांनीच माझी मुलाखत घेतली. आई दूर पुण्यात असते हे कळल्यावर नारळाच्या दुधात शिजवलेले अळूचे कंद माझ्या ताटात येतच राहिले. रविवारी त्यांच्या चर्चमध्ये सगळ्यांनी उभं राहून माझ्या वजनासाठी प्रार्थना केली. मीही डोळे मिटून आमेन म्हटलं.

महिन्याभरात माझ्या जीन्सचं बटण लागेना. आजींनी ते चर्चमध्ये जाहीर केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.