पुराच्या पाच रेघा

मुलांनो, तुम्ही राहता त्या फिलिपिन्समधल्या समुद्रकाठच्या गावाविषयी मागच्या रविवारी फोनवर सांगितलंत. प्रवाळाच्या दगडांचं जुनं चर्च, समुद्रातून लुटारू येताना दिसले की वाजवायची त्याची घंटा, वादळात पाणी कुठवर चढलं ते दाखवणारी भिंतीवरची खूण. मग विचारलंत, आजी, तुझ्या गावात असं काय आहे? मी विषय बदलला. उत्तर लांब होतं आणि त्यात माझी चूक होती. आता लिहून पाठवते, कारण ते सगळं सांगू शकू अशा आता गावात मी आणि जुन्या नावाड्याची म्हातारी बायको, दोघीच उरलो आहोत.

आपलं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. घाटावर काळ्या दगडाची धर्मशाळा आहे. तिच्या भिंतीवर पाच आडव्या रेघा होत्या. मोठा पूर ओसरला की दगडावर गाळाचा काठ राहायचा. तो वाळण्याआधी गावचा नावाडी छिन्नीने तिथे रेघ मारायचा. साल लिहायची पद्धत नव्हती. पूल झाला, नाव बंद पडली, तरी रेघा उपयोगी होत्या. धरणातून किती क्युसेक सोडले ते आता फोनवर कळतं. पण ते पाणी आपल्या गोठ्यात शिरणार का, ते खालच्या आळीतले लोक भिंत बघून ठरवत. खालून दुसरी रेघ बुडाली की जनावरं सोडायची, तिसरी बुडाली की माणसांनी निघायचं.

गेल्या दिवाळीआधी घाटाचं सुशोभीकरण निघालं. मी गेले तोवर भिंत पिवळी झाली होती, खाली चॉकलेटी पट्टा. रंगारी ब्रश धूत होता.

"इथल्या रेघा कुठे गेल्या?" मी विचारलं.

"आवं बाई, भिंत लय खरवडल्याली हुती. आधी ग्राइंडर मारला, मग लांबी, म्हंजी पुट्टी, भरून रंग दिला. बगा की, कशी आरशावानी झालीया!"

त्याने काम मन लावून केलं होतं, यात शंका नाही. फक्त सगळ्यांत वरच्या रेघेभोवती हातभर काळा दगड तसाच होता.

"ही का सोडलीस?"

"तितं हळदीकुंकू हाय न्हवं. देवावर ग्राइंडर कसा फिरवू?"

मागे नावाड्याची म्हातारी उभी होती. ती हसली.

तिचं हसणं मला कळलं. पूर्वी पाणी चढू लागलं की बायका नदीची ओटी भरत आणि परतताना पाचही रेघांना हळदीकुंकू लावत, पाण्याने याच्यावर येऊ नये म्हणून. मी तेव्हा हायस्कुलात नव्याने इंग्रजी शिकवत होते. ही मोजमापाची खूण आहे, देव नव्हे, तेलकुंकवाने ती बुजेल, असं मी घाटावर उभी राहून त्यांना समजावलं. शाळेतल्या पोरींकडून चार रेघांवरचं कुंकू घासून घेतलं. वरचीपर्यंत त्यांचा हात पोचला नाही. बाईंचा मान म्हणून पुढे कोणी त्या चारांना कुंकू लावलं नाही. म्हातारी मात्र पायरीवर चढून वरचीला लावत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं समदं ऐकलं असतं तर ही बी गेली असती."

"खरं आहे," मी म्हटलं.

या पावसाळ्यात पाणी दोनदा घाटाच्या पायऱ्या चढून भिंतीला लागलं. खालच्या आळीतल्या एकाने मला विचारलं, "बाई, दुसरी रेघ कुटं हुती?" मी भिंतीवर हात ठेवला, थोडा खाली घेतला, परत वर घेतला. म्हातारीने माझ्या हाताच्या वीतभर खाली, पाण्याच्या अगदी काठाशी बोट ठेवलं. त्याने तिचं ऐकलं आणि म्हशी सोडल्या.

आम्ही दोघींनी मिळून तिथे खडूने चार रेघा ओढल्या आहेत. तिसरीबद्दल आमचं एकमत नाही. छिन्नीची खरी रेघ आता एकच आहे, वरची.