अंगणाला फुटलेले कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवापुढं बसूनसुद्धा नाही. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं, वस्तीवर कुणालाही विचारा — पण हे एवढं मात्र गिळून बसले.

आमची वस्ती जुन्नरकडच्या आळे गावच्या शिवारात. चहूकडं ऊस, उसात बिबट्या. शेजारच्या कौशीचं वासरू दिवेलागणीलाच गेलं, तेव्हा माझ्या मुलानं अंगणात कॅमेरा लावला. मोबाईलवर दिसणारा. तेव्हा मी पासष्टीची, म्हणजे अगदीच अल्लड! गोठ्याकडं निघायच्या आधी बायका मला फोन करायच्या, "काकी, वाटंला काय दिसतंय का बघा की." आणि मी, बुरुजावरचा शिपाई जणू — "या बिनघोर!"

मुलगा बजावायचा, "आई, फाट्यावर एस्टीची वाट बघताना कुणाच्याबी वायरीला मोबाईल लावू नकोस. आतलं समदं चोरत्यात." मी ऐकलं. फाट्यावरच्या वायरीला कधी हात लावला नाही. घरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड मात्र विरजणासारखा घरोघर वाटला. बिबट्यासाठीच की. निदान सुरुवातीला.

कॅमेऱ्यातून दिसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऐकूही येतं, हे माझ्या सुनेला — वंदनाला — माहीत नव्हतं. मला होतं. कौशीनंच सांगितलं, "काकी, काल तुमची सून तुमची नक्कल करीत व्हती. लई हसले बघा!" मग मी काय केलं? पासवर्ड बदलायला लावला? छे. भावाकडं गेले की मीही मोबाईल कानाला लावून स्वतःचंच अंगण ऐकत बसायची. म्हातारीला फुकटची सिरियल मिळाली होती.

वंदनाला मैत्रीण एकच, जुन्नरची नसीम. ब्लाउज शिवून द्यायला यायची. एका दुपारी अंगणात वंदना तिच्यापाशी रडली. मूल होत नाही, पण दोष माझ्यात नाही, म्हणाली. नवऱ्यात आहे. त्यानं शपथ घातलीय, म्हणून सासूचे टोमणे ऐकून घेते. सासू म्हणजे मीच — दुसरी कोण?

चार दिवसांत ते वस्तीभर झालं. माझा मुलगा खाली मान घालून हिंडू लागला. ऐकणाऱ्या बायका कशाला कबूल होतील? शेवटी त्यानं मला विचारलं, "आई, पासवर्ड कुणाला दिला न्हाईस ना?"

"मी? मला धड फोन लावता येत न्हाई, बाबा."

इथं थांबले असते तरी — पण नाही. वंदना म्हणाली, "मग नसीमच. मी दुसऱ्या कुणाला सांगितलंच न्हवतं." आणि मी म्हणाले, "बाहेरचं माणूस ते. आपलं थोडंच व्हणार?"

त्या 'बाहेरचं'मध्ये मी काय काय घातलं होतं, ते तुम्हाला कळलं. वंदनालाही कळलं. नसीम शिवलेले ब्लाउज घेऊन आली, तेव्हा वंदनानं तिला फाटकातूनच परत धाडलं. मी ओट्यावर शेंगा फोडत होते. नसीमनं माझ्याकडं पाहिलं — ही तरी काही बोलेल, अशा नजरेनं. मी पुढची शेंग घेतली.

पासवर्ड मग बदलून घेतला. हल्ली म्हणे लई चोऱ्या होतात, असं मुलाला सांगून.

परवा जुन्नरच्या बाजारात नसीम समोर आली. वंदना मान फिरवून पुढं निघून गेली. नसीम थांबली. म्हणाली, "काकी, बऱ्या हाय ना? तुमी मला कधी वाईट बोलल्या न्हाई, म्हणून तुमालाच सांगते. अल्लाची शपथ, मी कुणाला काय सांगितलं न्हाई."

"ठाऊक हाय मला," मी म्हणाले.

आणि वंदनाच्या मागं चालू लागले.